नागिणीवर गोळ्या झाल्या, सलाईन झालं, तरी नवे फोड येताहेत (किडनी बदललेल्या भावाबद्दल, इंदूर)

रामबागची_कस्तुरी
मंडळी, धागा हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे, चुका सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ४६. चार वर्षांपूर्वी त्याला आईची किडनी बसवली. तेव्हापासून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन रोज चालू आहे. क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते दाखवणारं रक्तातलं माप, वाढलं तर वाईट) १.४-१.५ च्या आसपास असतं. गणपती बसले त्या आठवड्यात उजव्या कुशीवर आग व्हायला लागली, तिसऱ्या दिवशी फोड. नागीण. घराजवळच्या डॉक्टरांनी अ‍ॅसायक्लोविर ४०० ची गोळी दिवसातून तीनदा दिली. आठ दिवसांत फरक नाही म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी व्हॅलासायक्लोविर १ ग्रॅम तीनदा सुरू केलं. तेही झालं. मग किडनीच्या डॉक्टरांनी भरती करून शिरेतून अ‍ॅसायक्लोविर लावलं, आज त्याचा अकरावा दिवस. जुने फोड खपली धरतात आणि कडेने नवे येतात. दोन-तीन जागी तर चामखिळीसारखं जाड, खरखरीत झालंय.

काल राउंडला डॉक्टर म्हणाले, "रेझिस्टन्स असू शकतो," आणि पुढच्या खाटेकडे गेले. टीबीत रेझिस्टन्स, म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाही, असं ऐकलं होतं, नागिणीतही असतो? कुणाच्या घरी असं झालंय का? उद्याच्या राउंडला मी त्यांना नेमकं काय विचारू?

सुमन_लोकमान्यनगर
कस्तुरी, काळजी घे गं. डबा लागला तर सांग, मी पाच मिनिटांवर आहे.

नाना_तिलकनगर
रागावू नका, पण आमच्याकडे अजूनही नागिणीवर औषधाआधी मंत्र घालणाऱ्याकडे जातात. माझ्या आजीला झाली होती तेव्हा गेरूने पाठीवर नाग काढला होता. तोंड आणि शेपूट जुळायच्या आत उतरवायची, नाहीतर माणूस जातो, असं ती म्हणायची. आजी त्यानंतर वीस वर्षं जगली. मंत्राने की आपोआप, ते मला माहीत नाही.

त्वचाविद्या
नाना, आपोआप. ज्याची प्रतिकारशक्ती धड आहे त्याची नागीण दोन ते चार आठवड्यांत बहुधा आपली आपण सुकते, म्हणून मंत्राला यश मिळतं. कस्तुरीच्या भावाची गोष्ट वेगळी आहे. त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली ठेवलेली आहे. ती वर गेली तर शरीर आईची किडनी नाकारेल.

मी इंदूरमध्येच त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. रुग्ण पाहिलेला नाही, म्हणून इथे उपचार सांगणार नाही, माहिती देते. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू जात नाही, पाठीच्या कण्याजवळच्या मज्जागाठींत झोपून राहतो. वय झालं किंवा प्रतिकारशक्ती घटली की त्यातल्या एखाद्या गाठीतून जागा होऊन त्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर उतरतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला येतो आणि सहसा मधली रेघ ओलांडत नाही. नानांच्या आजीच्या बोलण्यात मला तथ्य दिसतं ते इथे. पट्टा सोडून अंगभर फोड पसरले तर ते खरोखर गंभीर असतं, आणि तसं होतं ते बहुतेक अशाच दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णांत. तेव्हा फुप्फुस, यकृत, मेंदू सगळंच धोक्यात येतं.

कस्तुरी, दोन गोष्टी आजच बघ. पट्ट्यापासून दूर, म्हणजे चेहऱ्यावर, हातापायांवर सुटे फोड आहेत का? आणि कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर काही आहे का? असेल तर राउंडची वाट न बघता ड्यूटी डॉक्टरांना सांग.

रामबागची_कस्तुरी
आत्ता बघून आले. चेहऱ्यावर काही नाही. पोटावर पट्ट्याबाहेर दोन फोड आहेत, सिस्टरना दाखवले, त्यांनी नोंद केली.

गोळीवाला_इंदूर
मी दवा बाजारात २२ वर्षं आहे, म्हणून माझ्या बाजूचं लिहितो. अ‍ॅसायक्लोविर २००, ४०० आणि ८०० अशी येते. ओठावर जे फोड येतात त्या हर्पिसला २०० किंवा ४०० चालते. नागिणीचा विषाणू त्याच घराण्यातला, पण या औषधाला तितका सहज दबत नाही. म्हणून नागिणीला ८०० ची गोळी दिवसातून पाचदा, सात ते दहा दिवस. गोळीतलं औषध आतड्यातून फार थोडं शोषलं जातं, पाचवा हिस्सा रक्तात पोचला तरी पुष्कळ. व्हॅलासायक्लोविरचं निम्म्याहून थोडं जास्त पोचतं, म्हणून ती तीनदा घेतली तरी भागतं.

काउंटरवर मी रोज बघतो, लोक ४०० च्या सहा गोळ्या आणि एक मलम घेऊन जातात. नागिणीला ते मलम पुरत नाही. सहा गोळ्यांनी तर विषाणू नुसता डिवचला जातो.

मात्र किडनीवाल्यांचा डोस क्रिएटिनिन बघून कमी करावा लागतो. तुमच्या डॉक्टरांनी ४०० तीनदा त्या हिशोबाने दिली की सवयीने, हे चिठ्ठीवरून मला कळणार नाही.

अभि_सुदामानगर
थोडं स्पष्ट बोलतो. अँटिबायोटिकचे कोर्स लोक अर्धवट सोडतात आणि मग रेझिस्टन्स होतो, हे आपण सगळे जाणतो. तुमच्या भावानेही गोळ्या मध्येच सोडल्या असतील. अशांमुळे उद्या बाकीच्यांनाही औषध लागू पडणार नाही.

रामबागची_कस्तुरी
अभि, माझा भाऊ चार वर्षं घड्याळ लावून गोळ्या घेतो. सकाळी आठ आणि रात्री आठ. लग्नाच्या पंगतीतून उठून घेतो. आईची किडनी आहे त्याच्याकडे. कृपया असं लिहू नका.

मीनाक्षी_ग्वाल्हेर
मी मूळची ग्वाल्हेरची, आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. अभि, तुमची तुलना इथे लागू पडत नाही, म्हणून नीट सांगते.

टीबीचा रेझिस्टंट जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातो. नागिणीतला बहुतेक वेळा त्याच माणसाच्या अंगात तयार होतो. विषाणू वाढताना त्याच्या जनुकांची नक्कल करण्यात चुका होतात. धडधाकट माणसात त्या चुकीच्या नकला आपल्या पेशी आठवड्याभरात निपटून टाकतात, त्यामुळे अशा लोकांत खरा रेझिस्टन्स अतिशय दुर्मीळ. पण जिथे निपटणारं कुणी नाही, विषाणू आठवडे-महिने वाढत राहतो आणि औषधही तितकेच दिवस चालू असतं, तिथे औषधाला न जुमानणारी नक्कल मागे उरते आणि तिचंच राज्य होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एड्सच्या रुग्णांत हे पहिल्यांदा दिसलं. पुढे अस्थिमज्जा आणि अवयव बदललेल्या रुग्णांत दिसलं. चामखिळीसारखे जाड फोड हे तेव्हाच्या वर्णनांतही आहेत, कस्तुरी. तुमच्या डॉक्टरांनी बहुधा तेच पाहिलं.

आता हे होतं कसं? अ‍ॅसायक्लोविर म्हणजे न दळलेला गहू. जसंच्या तसं ते काही करत नाही. त्याला दळणारी चक्की विषाणूकडेच असते, थायमिडिन कायनेज नावाचं विकर (एन्झाइम). पहिलं दळण विषाणू करतो, पुढचं आपल्या पेशी करतात, आणि तयार पीठ विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजमध्ये, म्हणजे नक्कल करणाऱ्या यंत्रात जाऊन ते बंद पाडतं. निरोगी पेशीत ती चक्की नाही, म्हणून तिथे औषध जवळपास निष्क्रिय राहतं. ज्यांच्या प्रयोगशाळेतून हे औषध आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. ते एकट्या या औषधासाठी नव्हतं, पण मी वर्गात हे सांगितलं की पोरी मान वर करून ऐकायच्या.

रेझिस्टंट विषाणूत बहुतेक वेळा ही चक्कीच मोडलेली असते. मग अ‍ॅसायक्लोविर कितीही ओता, दळलं जाणार नाही. व्हॅलासायक्लोविर पोटात जाऊन अ‍ॅसायक्लोविरच होतं. फॅमसायक्लोविरलाही हीच चक्की लागते. तेव्हा ह्या तिघांत गोळी बदलून काही होत नाही, फक्त दिवस जातात.

अभि_सुदामानगर
मीनाक्षीताई, समजलं. कस्तुरी, मी न विचारता आरोप केला, माफ करा. मंगळवारी-बुधवारी रात्री कुणी थांबायला हवं असेल तर मी येऊ शकतो, माझं ऑफिस हॉस्पिटलांच्याच रस्त्यावर आहे.

वसंत_वडोदरा
मी दुसरी बाजू सांगतो, कारण घाबरून सगळ्यालाच रेझिस्टन्स म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. माझ्या पत्नीला संधिवात, मेथोट्रेक्सेट आणि टोफासिटिनिब चालू होतं. टोफासिटिनिबवर नागीण होण्याचं प्रमाण वाढतं, हे आम्हाला नंतर कळलं. तिला झाली, आणि महिना उलटला तरी कळवळत होती. वडोदऱ्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, औषध लागू पडत नाही, रेझिस्टन्स आहे, भारी इंजेक्शन लागेल. आमची झोप उडाली.

दुसऱ्या डॉक्टरांनी अंगावरची ओढणी बाजूला करून नीट पाहिलं. सगळे फोड सुकलेले, पंधरा दिवसांत एकही नवा नाही. विषाणू कधीच शांत झाला होता, दुखत होती ती त्याने जाळून ठेवलेली नस. त्या दुखण्याला अ‍ॅसायक्लोविरचा उपयोगच नाही. प्रीगाबालिन दिलं, रात्री थोडं अमिट्रिप्टिलिन, आणि दोन महिन्यांत ती पुन्हा पोळ्या लाटायला उभी राहिली. कस्तुरीताई, तुमच्याकडे नवे फोड येताहेत म्हणजे तुमचं वेगळं आहे. पण हा धागा जे कुणी पुढे वाचतील त्यांनी दुखणं आणि फोड यांचा हिशोब वेगवेगळा ठेवावा.

त्वचाविद्या
वसंतकाकांना पूर्ण अनुमोदन. रेझिस्टन्स म्हणण्याआधी डोस पुरेसा होता का, पोटात शोषला गेला का, मुळात नागीणच आहे का, वरून जिवाणूंचा संसर्ग झालाय का, हे बघायचं असतं. शिरेतून योग्य डोस दहा दिवसांहून जास्त मिळूनही नवे फोड आले, तर मग संशय घट्ट होतो.

कस्तुरी, उद्या हे विचार: फोडाचा नमुना पाठवलाय का? आणि पाठवला असेल तर नुसता पीसीआर की जनुकांचं सिक्वेन्सिंगही? पीसीआरने विषाणू कुठला ते कळतं, औषध चालेल की नाही ते कळत नाही. त्यासाठी थायमिडिन कायनेज आणि पॉलिमरेज ही दोन्ही जनुकं वाचावी लागतात. नमुना ताज्या फोडातून आणि त्या जाड जागेतून, दोन्हीकडून घ्यायला सांग. एकाच माणसात दोन जागी दोन तऱ्हेचे विषाणू सापडू शकतात. नमुना बाहेरगावी जाणार, वेळ लागेल, म्हणून उद्याच.

मीनाक्षी_ग्वाल्हेर
एक विचारायचं राहिलं. भावाला याआधी कधी नागीण झाली होती का? अ‍ॅसायक्लोविर कधी बरेच दिवस चालू होतं का?

रामबागची_कस्तुरी
ताई, तुमचा प्रश्न वाचून वहिनीला फोन केला. जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी काढली. मागच्या वर्षी त्याला थोडीशी नागीण झाली होती, पाठीवर, रुपयाएवढी. तेव्हा बरी झाल्यावर "पुन्हा होऊ नये म्हणून" अ‍ॅसायक्लोविर ४०० रोज एक, असं लिहून दिलं होतं. किती दिवस ते चिठ्ठीवर नाही. तो प्रामाणिकपणे आठ महिने घेत राहिला. थांबवा असं कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. आत्ताच्या डॉक्टरांना हे माहीतच नव्हतं. मला रडू आलं.

मीनाक्षी_ग्वाल्हेर
रडू नका. ही माहिती उद्या त्यांच्या हातात ठेवा, निर्णयाला तिचा फार उपयोग होईल.

त्वचाविद्या
आणि वाचणाऱ्यांनी यातून भलता अर्थ काढू नका. अवयव बदललेल्यांना, केमो चालू असलेल्यांना प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात त्या योग्यच असतात, कितीतरी जीव वाचतात. स्वतःहून बंद करू नका. फक्त डोस किती, कधीपर्यंत आणि कुणी बघायचं, हे चिठ्ठीवर लिहून मागा.

सुमन_लोकमान्यनगर
थोडं अवांतर. माझी आई ६८ ची, मधुमेह आहे. तिला नागिणीची लस द्यावी का?

गोळीवाला_इंदूर
शिंग्रिक्स २०२३ पासून भारतात मिळते. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिन्यांचं अंतर. महाग आहे, पण आता बरेच जण विचारत येतात. तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्यामुळे दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या लोकांनाही देता येते. जुनी लस जिवंत विषाणूची होती, ती अशांना चालत नसे. डॉक्टरांना विचारून द्या. दंड दोन दिवस दुखेल, ताप येऊ शकतो, घाबरू नका.

सुमन_लोकमान्यनगर
धन्यवाद भिया! कस्तुरी, उद्या सकाळी पोहे-जिलेबी घेऊन येते, बाकावर बसून खाऊ. वाद घालू नकोस.

रामबागची_कस्तुरी
(सहा दिवसांनी)
उत्तरांना उशीर झाला. चिठ्ठ्या दाखवल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि अर्धा तास बोलले. दोन्ही जागचे नमुने गेले. मायकोफेनोलेट निम्मं केलंय, म्हणजे शरीराला थोडं लढू द्यायचं, आणि टॅक्रोलिमसची पातळी रोज बघतात. निकाल येईपर्यंत थांबणं परवडणार नाही, कारण पट्ट्याबाहेरचे फोड दोनाचे नऊ झाले. फोस्कार्नेट द्यायचं म्हणाले. त्याला ती चक्की लागत नाही, थेट पॉलिमरेजवर जातं, हे मी मीनाक्षीताईंच्या शब्दांत त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, अगदी बरोबर.

पण ते किडनीला जड आहे. आईला हे सांगायचं कसं, यावर आम्ही भावंडं रात्रभर बोललो. शेवटी मीच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "किडनी त्याला दिली तेव्हाच ती त्याची झाली. तो राहिला पाहिजे." मग पदर तोंडाला लावून देवघरात गेली.

आता अडचण अशी की औषध इथे मिळत नाहीये.

गोळीवाला_इंदूर
ताई, मी सकाळपासून फोन करतोय. इंदुरात माझ्या माहितीत कुणाकडे नाही. मुंबईच्या एका घाऊकवाल्याकडे आहे. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

अभि_सुदामानगर
माझा आतेभाऊ बोरिवलीला असतो. आज संध्याकाळच्या अवंतिका एक्सप्रेसने निघू शकतो. चिठ्ठी मला पाठवा, बाकी मी बघतो.

सिस्टर_परदेशीपुरा
मी पूर्वी मुंबईत अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या वॉर्डात होते, तिथे हे औषध लावलेलं आहे. घरच्यांनी काय बघायचं ते सांगते. औषध पंपावरून हळू जातं, आधी सलाईन देतात म्हणजे किडनीला आधार मिळतो. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. ओठांभोवती मुंग्या, बोटं बधिर, हात आखडणं असं काही वाटलं तर लगेच बेल दाबा, झटके येऊ शकतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन वारंवार काढतील, सुया टोचून दादा वैतागतील, त्यांना समजवा. अजून एक, लाजून कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. हे औषध लघवीतून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि तिथल्या नाजूक त्वचेला जखमा करतं. प्रत्येक वेळी पाण्याने धुऊन कोरडं करायला सांगा.

आणि घरात कांजिण्या न झालेलं, लस न घेतलेलं मूल किंवा गरोदर बाई असेल तर भेटायला आणू नका. नागिणीच्या रुग्णाकडून त्यांना कांजिण्या होऊ शकतात.

रामबागची_कस्तुरी
अभि, बाटल्या पोचल्या. काचेच्या, स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन आला तुमचा भाऊ. स्टेशनवरून थेट वॉर्डात. त्याला चहासुद्धा धड घेऊ दिला नाही मी. दुपारी पहिली बाटली लागली.

वसंत_वडोदरा
आम्ही दोघं रोज हा धागा उघडतो. पत्नीने विचारायला सांगितलंय, दादा जेवतात का?

रामबागची_कस्तुरी
(पंधरा दिवसांनी)
काका, आता जेवतो. काल वरण-भात मागून घेतला.

पहिले चार दिवस फार वाईट गेले. तिसऱ्या रात्री ओठांना मुंग्या आल्या. सिस्टरताई, तुमचं लिहिलेलं आठवलं आणि मी बेल दाबली. कॅल्शियम उतरलं होतं, लगेच दिलं. क्रिएटिनिन १.५ वरून २.१ ला गेलं, डोस कमी केला, सलाईन वाढवलं. सहाव्या दिवसापासून नवा फोड नाही. जाड जागा हळूहळू पडून गेल्या, खाली गुलाबी कातडी आहे. एकोणीस दिवसांचा कोर्स ठरवलाय.

निकालही आला. थायमिडिन कायनेजच्या जनुकात बदल आहे, पॉलिमरेज शाबूत आहे. ताज्या फोडात आणि जाड जागेत, दोन्हीकडे तोच बदल.

आईने देवघराजवळच्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात क्रिएटिनिन लिहून ठेवलंय. आजच्या चौकोनात १.७ आहे.

मीनाक्षी_ग्वाल्हेर
पॉलिमरेज शाबूत हे वाचून हायसं वाटलं. तिथे बदल असता तर फोस्कार्नेटही अडखळलं असतं, मग सिडोफोविर, तेही किडनीला तितकंच कठीण. जपानमध्ये २०१७ मध्ये अमेनामेविर नावाची गोळी मंजूर झाली, तिलाही चक्की लागत नाही आणि पॉलिमरेजही लागत नाही, ती डीएनएचा पीळ उलगडणाऱ्या यंत्रावर जाते. असं औषध गोळीच्या रूपात आपल्या वॉर्डांपर्यंत यावं, ही माझी फार इच्छा आहे. भावाच्या कागदांत हा निकाल सगळ्यात वर लावा. तो विषाणू पुन्हा मज्जागाठीत झोपलेला असू शकतो, पुढच्या वेळी पहिल्या दिवशीच डॉक्टरांना हे कळायला हवं.

नाना_तिलकनगर
कस्तुरी, आईंना माझा नमस्कार सांग. वाचनखूण साठवली.

देवासची_रेवा
नवीन सदस्य आहे, फक्त या धाग्यासाठी खातं काढलं. माझ्या बहिणीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालंय, नागिणीला तीन आठवडे झाले, अ‍ॅसायक्लोविर चालू आहे, काल मांडीवर जाड फोड दिसले. नमुना अजून कुणी घेतलेला नाही. नमुना कसा मागायचा, औषध कुठून आणलं, कुणी सांगेल का?

रामबागची_कस्तुरी
रेवा, तिला याआधी अ‍ॅसायक्लोविर किती दिवस चालू होतं, त्या चिठ्ठ्या आजच शोध. बाकी सगळं व्यनि केलंय. फोन कधीही कर, मी जागीच असते.